सार कुणी काढायचा?

ग्रामसभेचं इतिवृत्त आता यंत्र लिहिणार, ही बातमी ऐकून ज्यांना आनंद झाला त्यांतले निम्मे लोक आयुष्यात एकदाही ग्रामसभेला बसलेले नसतील, अशी माझी पैज आहे. उरलेले निम्मे नक्की बसलेले आहेत, आणि त्यांना आनंद का झाला हे मला फार चांगलं ठाऊक आहे. त्यांच्याकडे नंतर येतो. आधी पहिल्यांचं ऐकून घेऊ, कारण त्यांचा हेतू चांगला आहे आणि मुद्दे वरवर पाहता बिनतोड आहेत.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने ‘सभासार’ नावाचं, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं साधन आणलं. सुरुवात त्रिपुरातून, स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभांपासून झाली. वापरायला अवघड काही नाही. सभेचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करायचं आणि पंचायतीच्या ई-ग्रामस्वराजच्या खात्यातून ते चढवायचं. ‘भाषिणी’ या सरकारी भाषायंत्रणेच्या मदतीने बोलण्याचा लेखी उतारा होतो आणि त्यातून यंत्र विषय, निर्णय, पुढची कामं असं नीटनेटकं टिपण काढून देतं. मराठीचीही सोय आहे. कौतुक करणाऱ्यांचं म्हणणं असं: यंत्राला भावकी नसते, गट नसतो, त्याला सरपंचाच्या ओसरीवर चहा प्यायचा नसतो, त्यामुळे ते ऐकेल तेच लिहील. शिवाय एकेका ग्रामसेवकाच्या गळ्यात दोन-दोन, तीन-तीन गावं असतात, त्याचा वेळ वाचेल. आणि इतिवृत्त हातोहात मिळालं की लोकांचा विश्वास वाढेल, विश्वास वाढला की सभेला गर्दी वाढेल.

या मांडणीत यंत्राविषयी जितकी माहिती आहे तितकी गावाविषयी नाही.

गावाचं असं आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा लहान असेल तो. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. हे शेवटचं कलम ज्याने लिहिलं त्याला गाव पुरतं कळलेलं होतं की अजिबात कळलेलं नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुष्कळ गावांत खरी सभा असते ती ही तहकूब सभाच. सकाळी मारुतीच्या देवळात किंवा शाळेच्या पटांगणात जे काय व्हायचं ते होतं. त्याचं काय झालं हे ठरतं दुपारनंतर, भाऊसाहेबांच्या टेबलावर, प्रोसिडिंग बुकात. आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. २०२४ मध्ये सरकारने त्याचं पदनाम बदलून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलं, पण भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.

ती जाड, लाल पाठीची वही म्हणजे गावाचं तोंड. घरकुलाची यादी, पाणंद रस्ता, गायरानावरचं अतिक्रमण, दगडखाणीचा ना-हरकत दाखला, हे सगळं त्या वहीतून वर जातं. वहीत जे नाही ते गावाने म्हटलेलंच नाही. म्हणून गावातलं राजकारण ज्यांना कळतं ते सभेत बोलण्यापेक्षा वहीत काय लिहिलं जातं यावर डोळा ठेवून असतात. सूचक कोण, अनुमोदक कोण, ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली सभा संपल्यावर काय काय शिरलं, दोन ठरावांमध्ये पाच ओळी कोऱ्या का सोडल्या, यावर आमच्याकडे पंचवार्षिक निवडणुका फिरल्या आहेत.

काही वर्षांपूर्वीची आमच्याच गावची गोष्ट सांगतो. विषय पाण्याचा होता. खालच्या वस्तीतली एक बाई मागे दाराशी उभी होती. तिने मध्येच हात वर केला आणि म्हणाली, “टाकी रोज भरतीया, आमच्याकडं नळ कोरडा. वॉल्व्ह कोण फिरवतंय ते हितं सगळ्यांस्नी ठावं हाय.” पुढे बसलेल्या दोघांनी एकाच वेळी तिला गप्प केलं, सरपंच म्हणाले, “बघू या, मावशी,” आणि सभा गटाराच्या विषयावर गेली. सगळं मिळून अर्धं मिनिट. पुढे तिच्या मुलाने माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची नक्कल काढली. त्यात होतं: पाणीपुरवठा योजनेबाबत सविस्तर चर्चा झाली, योजना सुरळीत असल्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले, सर्वानुमते मंजूर. तो पंचायत समितीत गेला तर तिथल्या साहेबांनी तीच नक्कल त्याच्यापुढे सरकवली. ग्रामसभेची तक्रारच नाही, मग तुमची कसली?

आता यंत्राचे चाहते टाळी वाजवतील. अहो, हेच तर आम्ही म्हणतोय! यंत्र असतं तर त्या बाईचं बोलणं नोंदलं गेलं असतं.

गेलं असतं? माइक सरपंचांच्या हातात होता, बाई दाराशी. वर पंखा घरघरत होता. तिच्या वाक्यावर दोन पुरुषांचे आवाज चढलेले. आणि तिने त्या माणसाचं नाव घेतलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक आहे, एवढंच ती म्हणाली. त्या वाक्याचा सगळा अर्थ सभेच्या शांततेत होता, कारण त्यानंतर क्षणभर कुणी कुणाकडे पाहिलं नाही. हे टिपायला कान लागत नाही, गाव लागतं. समजा यंत्राने तिचा शब्द न् शब्द उतरवला. पुढची पायरी साराची. दीड तासाच्या सभेत सरपंच चाळीस मिनिटं बोलले, बाई अर्धं मिनिट. जे पुन्हा पुन्हा आलं ते महत्त्वाचं आणि जे एकदाच आलं ते किरकोळ, या वाटेने सार काढणारा कुणीही सहज जातो, मग तो माणूस असो की यंत्र. फार तर तिला एक ओळ मिळेल: काही ग्रामस्थांनी पाणीपुरवठ्याबाबत सूचना मांडल्या. म्हणजे भाऊसाहेबांनी मुद्दाम जे केलं ते यंत्र निरागसपणे करील.

आणि मला त्या निरागसपणाचीच जास्त भीती वाटते. भाऊसाहेबांनी खोटं लिहिलं ते त्यांच्या अक्षरात, त्यांच्या सहीने. खोटं होतं म्हणून ते पकडता येतं. तक्रार होते, चौकशी लागते, एखाद्याची वेतनवाढ रोखली जाते. यंत्राने वाक्य गाळलं तर ते खोटं ठरत नाही, संक्षेप ठरतो. जबाबदार कोण? भाऊसाहेब म्हणणार, मी कुठं लिहिलं? सिस्टिमने काढलंय. साहेब म्हणणार, सिस्टिम दिल्लीची आहे. ज्या गावात वहीवरच्या एका सहीसाठी माणूस रात्रभर जागतो, तिथे आपण सही नसलेली वही आणतोय.

यंत्राचा सार तटस्थ असतोच, या समजुतीला धक्का देणारा एक अभ्यास इंग्लंडमधला आहे. तिथल्या स्थानिक कौन्सिलांकडे वृद्ध आणि अपंगांच्या देखभालीचं काम असतं. समाजसेवकांच्या लांबलचक टिपणांचा सार काढायला बऱ्याच कौन्सिलांनी अशी साधनं घेतली आहेत आणि कारणही आपल्यासारखंच आहे: माणसं कमी, कागद फार. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी ६१७ जणांच्या खऱ्या टिपणांवर एक साधा प्रयोग केला. टिपण तेच ठेवलं, फक्त पुरुषाची बाई केली आणि बाईचा पुरुष, आणि दोन्हींचा सार यंत्राकडून काढून घेतला. निष्कर्ष ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. गुगलच्या ‘जेमा’ या प्रारूपाने पुरुषाचं दुखणं ठळक शब्दांत मांडलं. तेच दुखणं बाईचं झालं की सूर सौम्य झाला, अडचणी असल्या तरी आपलं आपण करते, अशा धाटणीचा. सरकारी मदत किती मिळणार हे गरज किती गंभीर दिसते यावर ठरतं, म्हणजे एका विशेषणात बाईची मदत कमी होऊ शकते. मेटाच्या ‘लामा ३’ या प्रारूपात असा भेद आढळला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. पण याचा अर्थ एवढाच की कुठल्या यंत्राला बसवलं यावर बाईचं नशीब ठरतं. आमच्या दाराशी उभ्या राहिलेल्या मावशींना ते यंत्र निवडायला कुणी बोलावणार आहे?

वेळ वाचण्याचा मुद्दा मी लवकर आटपतो, कारण तो खरा आहे आणि अर्धा आहे. ग्रामसेवकाचा वेळ इतिवृत्तात जात नाही. तो जातो एकच माहिती पाच ठिकाणी भरण्यात, सर्व्हर चालू होण्याची वाट पाहण्यात, झाडासोबत, शौचालयासोबत, प्रभातफेरीसोबत फोटो चढवण्यात. आधी दहा पोर्टलं अंगावर घालायची आणि मग दमलात म्हणून अकरावं द्यायचं, याला वेळ वाचवणं म्हणत नाहीत.

इथे संगणक परिचालकांची आठवण काढलीच पाहिजे. डिजिटल पंचायतीच्या कुठल्याही सत्कार-समारंभात त्यांचा फोटो नसतो. २०११ मध्ये राज्यात ‘संग्राम’ प्रकल्प आला, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. पुढे त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. गावोगावची मुलंमुली कंत्राटावर बसली. सेवा केंद्राच्या खर्चापोटी ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशातून महिन्याला बारा हजारांच्या वर रक्कम जायची आणि परिचालकाच्या हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडायची, तीही महिनोन् महिने थकलेली. त्यासाठी ही पोरं किती वेळा आझाद मैदानावर बसली याची मोजदाद नाही. गावाचा पैसा गावातून वर गेला, तंत्रज्ञान वरून खाली आलं आणि मध्ये जो तरुण ते चालवत होता तो उपाशी राहिला. आता सांगतात, यंत्र स्वतःच लिहील. ध्वनिमुद्रण कोण करणार, कोण चढवणार, चुका कोण सुधारणार? तोच तरुण. त्याच मानधनात.

आता वचन दिल्याप्रमाणे दुसऱ्या निम्म्यांकडे येतो.

आपल्या गावांची मोठी अडचण सभेचा वृत्तांत चुकीचा लिहिला जाणं एवढीच नाही. सभा झालेलीच नसते, ही आहे. शिपाई वही घेऊन घरोघर सह्या गोळा करत फिरतो, हे ज्याने पाहिलं नाही त्याने ग्रामीण महाराष्ट्र पाहिला नाही. आतापर्यंत अशा सभेचं इतिवृत्त हाताने रचावं लागायचं आणि रचण्यात माणूस चुकायचा. मुंबईला गेलेल्याची सही पडायची, कधी मेलेला माणूस अनुमोदन द्यायचा. त्या चुकांवर विरोधकांची पोटं भरायची. आता पाच जणांनी बंद खोलीत पंधरा मिनिटं विषयपत्रिकेवर बोलायचं, ते मुद्रित करायचं आणि चढवायचं. चार पानी, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं, सरकारी शिक्क्याचं इतिवृत्त हजर. यंत्र ऐकेल तेच लिहील, हे अगदी खरं आहे.

मी काल्पनिक भूत उभं करतोय असं वाटत असेल तर रोजगार हमीकडे पाहा. मजुरांची हजेरी भ्रमणध्वनीवरून, जागेच्या नोंदीसह, दिवसातून दोनदा फोटो काढून घ्यायची, अशी पद्धत केंद्राने आणली आणि १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची केली. बोगस मजूर संपणार होते. जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, जिवंत माणसांऐवजी फोटोचाच फोटो काढला जातो, हजेरीपटावर बाई आणि चित्रात पुरुष असतो. त्यावर उपाय काय सांगितला? ग्रामपंचायत पातळीवर माणसांनी प्रत्येक फोटो तपासावा. म्हणजे माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणलं आणि यंत्रावर विश्वास राहिला नाही म्हणून पुन्हा माणूस बसवला, तोच, आधीचाच. मधल्या काळात नेटवर्क नव्हतं म्हणून ज्यांची हजेरी लागली नाही, ते खरेखुरे मजूर घाम गाळून रिकाम्या हाताने घरी गेले.

किंवा डिजिटल सहीच्या डोंगलकडे पाहा. पंचायतीचे पैसे आता सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीशिवाय निघत नाहीत. कागदावर याहून चोख काही असू शकत नाही. महाराष्ट्रात निम्मी सरपंचपदं बायकांसाठी राखीव आहेत. आता तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही सरपंचबाईंना हळूच विचारा, ताई, तुमचा डोंगल कुठं असतो? किती तरी ठिकाणी उत्तर मिळेल, ‘ह्यांच्याकडं’. पूर्वी सही करायला निदान बाईंना बोलवावं लागायचं, कागद समोर यायचा, कशावर सही करतेय असं एखादी विचारायची. पेनाची सही दुसऱ्याला खिशात घालून नेता येत नव्हती.

भाषेचा प्रश्न मराठी वाचकाला दुय्यम वाटेल, कारण यंत्राला मराठी येते. कुठली मराठी, हे विचारू नका. पण मेळघाटातल्या सभेत कोरकू चालते, गडचिरोलीत गोंडी. दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत. गोंडी, भिलीसाठी २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं साधन निघालं, ते चांगलंच झालं. कोरकूच्या वाट्याला तेही आलेलं नाही. आणि ग्रामसभा म्हणजे काय हे या देशाला ज्यांनी शिकवलं ती गावं याच पट्ट्यातली आहेत. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं गोंडीत म्हणत उभं राहिलं, एकमत होईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही ही रीत त्याने पाळली, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव लागलं. एकमत होईपर्यंत थांबणाऱ्या सभेचा सार कसा काढणार? तिथे निर्णयापेक्षा थांबणं मोठं असतं.

ओडिशातल्या नियमगिरीची गोष्ट तर यंत्राच्या प्रत्येक चाहत्याने भिंतीवर लावावी. बॉक्साइटच्या खाणीला परवानगी द्यायची की नाही हे तिथल्या ग्रामसभांनी ठरवावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी दिला. डोंगरातल्या बारा वाड्यांच्या सभा झाल्या, निरीक्षक म्हणून न्यायाधीश बसले, आणि बाराच्या बारा सभांनी नाही म्हटलं. डोंगर हा आमचा नियमराजा आहे, तो विकायचा नाही, हे त्यांनी आपल्या भाषेत सांगितलं आणि ते तसंच नोंदवलं गेलं म्हणून टिकलं. कल्पना करा, तिथे एखादं सुबक टिपण निघालं असतं: ग्रामस्थांनी धार्मिक भावना व्यक्त केल्या, रोजगाराच्या संधींवरही चर्चा झाली. नकाराचा गुळगुळीत गोटा झाला असता.

लोकसहभाग वाढेल, हा उरलेला दावा. गेल्या दहा वर्षांत स्थानिक संस्थांमध्ये आलेली बहुतेक साधनं एकाच दिशेला तोंड करून बसलेली आहेत. गाव भरतं, तालुका पाहतो, मुंबई मोजते, दिल्ली रंगीत आलेख काढते. शहरांची गोष्ट आणखी बोलकी आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, पुण्यातही तेच. याच काळात चॅटबॉट आले, ॲप आली, डॅशबोर्ड आले. २०२५ मध्ये राज्य सरकारने कार्यालयांसाठी १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्सचा कार्यक्रम राबवला. त्यात संकेतस्थळ, ई-ऑफिस, डॅशबोर्ड, व्हॉट्सॲप चॅटबॉट आणि एआयचा वापर यांचं मूल्यमापन होतं. निवडून आलेलं सभागृह आहे का, याला गुण नव्हते. खड्ड्याचा फोटो पाठवायला नागरिकाला ॲप मिळालं, पण त्या खड्ड्याचं कंत्राट कुणाला दिलं हे सभागृहात उभं राहून विचारणारा माणूस गायब होता. यंत्राने सहभाग वाढतो म्हणणाऱ्यांनी या चार वर्षांचं काहीतरी स्पष्टीकरण द्यावं.

पहिलेपणाचा सोसही याच दिशेचा. २०१६ मध्ये मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं, मायक्रोसॉफ्टच्या साथीने. २०१९ च्या प्रचारात राज ठाकरे यांनी सभेसभेत त्याच हरिसालचे व्हिडिओ लावून दावा आणि वास्तव यांतली तफावत दाखवली, मग भाजपनेही प्रत्युत्तराचे व्हिडिओ दाखवले. महाराष्ट्राची महिनाभर करमणूक झाली. हरिसालच्या ग्रामसभेचं म्हणणं काय, हे त्या गदारोळात विचारलं गेल्याचं मला तरी आठवत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर जिल्ह्यातलं सातनवरी देशातलं पहिलं ‘स्मार्ट इंटेलिजंट’ गाव झालं. सातनवरीचं भलं होवो. पण आपल्याकडे गावं पहिली होतात, दुसऱ्या वर्षी ती कशी आहेत हे पाहायला कुणी जात नाही.

मला ठाऊक आहे, आता म्हणतील की तुम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात आहात. संगणक आला तेव्हाही असंच ओरडत होते. नाही. तलाठ्याच्या दारात सातबाऱ्यासाठी घातलेले हेलपाटे मी विसरलेलो नाही. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळाला त्या दिवशी मी पेढे वाटले नाहीत इतकंच. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली आणि पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या घराला कागद नव्हता त्यांना मिळकत पत्रिका मिळाली, याला मी नावं ठेवणार नाही. भिंत कुठं आहे हे ड्रोनला दिसतं. जन्म कधी झाला हे संगणकाला साठवता येतं. पण सभेत काय ठरलं, ही नोंद म्हणजे मोजमाप नव्हे. ती वादाची जागा आहे, आणि ती वादाची राहिली पाहिजे.

म्हणून सार नको, मुद्रण ठेवा. मुद्रण करायला माझी ना नाही, उलट ते सक्तीचं करा. पण ते अख्खं, न कापलेलं, गावातच राहू द्या. ज्याला हवं त्याला पेन ड्राइव्ह आणून भरून नेता येऊ द्या. केरळच्या स्थानिक संस्थांमध्ये सभांची विषयपत्रिका, इतिवृत्त आणि निर्णय ‘सकर्मा’ नावाच्या प्रणालीत नोंदवले जायचे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता लागली नाही, सार्वजनिक शिस्त लागली. ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी २०२० पासून आपण कुठली गणितं, कुठली यंत्रं नागरिकांवर वापरतो याची जाहीर नोंदवही ठेवली आहे. आपल्या पंचायतीत नमुना १ ते ३३ अशा नोंदवह्या आहेतच. चौतिसावा नमुना उघडा: यंत्राचं नाव, कुणाचं, कशासाठी, चुकलं तर कुणाकडे जायचं. आणि यंत्राचं टिपण घ्यायचंच असेल तर त्याखाली एका माणसाची सही असू द्या, पूर्ण नावासह, तारखेसह.

बाकी दुरुस्तीची सोय कायद्याने आणि रिवाजाने आधीच करून ठेवली आहे. प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेवर विषय क्रमांक एक ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तो विषय आमच्याकडे चार सेकंदांत संपायचा. भाऊसाहेब वही उघडायचे आणि म्हणायचे, “वाचलं असं समजू या?” पुढची रांग माना डोलवायची.

पंचायत समितीतून मुलगा हात हलवत परत आला त्यानंतरच्या सभेला मावशी आल्या. दाराशी उभ्या राहिल्या नाहीत, पुढच्या सतरंजीवर येऊन बसल्या. भाऊसाहेबांनी नेहमीचं वाक्य म्हटलं.

“समजू नगा,” मावशी म्हणाल्या. “वाचा.”

वाचायला बावीस मिनिटं लागली. पाण्याच्या ठरावापाशी त्यांनी हात वर केला.

“चर्चा कुठं झाली, भाऊसाहेब? मी बोलले. कुणी उत्तर दिलं न्हाई. तसं लिवा.”

सरपंचांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं, भाऊसाहेबांनी आमच्याकडे. मग त्यांनी पेन काढलं, ‘समाधान व्यक्त करण्यात आले’ यावर एक आडवी रेघ ओढली, वर बारीक अक्षरात मावशींचं वाक्य घातलं आणि खाडाखोडीच्या बाजूला, समासात, सही केली.